‘थांबा’ म्हणण्याचा हक्क

गेल्या वर्षीची वार्षिक सर्वसाधारण सभा आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. जे नव्याने बदलून आले आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निवडून आलेल्या कार्यकारिणीने वर्गणीची नवी पद्धत मांडली होती. आजवर घरटी एकच रक्कम असे. नव्या प्रस्तावात कंत्राटी कामगारांच्या कुटुंबांना ती निम्मी होती आणि अधिकारी वर्गाला, तसंच इथेच घर बांधून राहिलेल्या आमच्यासारख्या निवृत्तांना दुप्पट. सभेने तो बहुमताने मंजूर केला. पण आपल्या मंडळाच्या घटनेप्रमाणे अंदाजपत्रकाला सल्लागार मंडळाची संमती लागते, आणि सल्लागार मंडळ म्हणजे आम्ही सहा माजी अध्यक्ष, तहहयात. आम्ही संमती दिली नाही. त्या पत्रावर माझीही सही आहे.

चार दिवसांनी मांडवाचं काम बघायला गेलो होतो. आपल्या चिटणीस मुलीने चहाचा कप हातात दिला. तिला मी ती बालवाडीत असल्यापासून ओळखतो. अगदी आदराने तिने विचारलं, “काका, रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्हा सहा जणांना निवडून कुणी दिलं?”

मी छत्तीस वर्षं कारखान्याच्या अकाउंट्स विभागात काढली. आकड्यांचा प्रश्न असता तर तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. या प्रश्नावर मात्र चहा संपवून घरी आलो. बी. ए.ला माझा विषय इतिहास होता आणि इंग्लंडच्या राज्यघटनेचा पेपर घोकून पास झालो होतो. तेव्हा न कळलेला एक धडा या निमित्ताने पुन्हा वाचला. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता. त्याची हकीकत यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

त्या काळी इंग्लंडच्या पार्लमेंटची रचना अशी होती. हाउस ऑफ कॉमन्स हे निवडून आलेलं सभागृह. मताचा हक्क तेव्हा सगळ्या पुरुषांनाही नव्हता, स्त्रियांना तर नव्हताच. तरी निवडणूक होत होती. वरच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सुमारे ६०० उमराव होते. बहुतेकांची जागा वडिलार्जित, म्हणजे वडील गेले की थोरला मुलगा त्या बाकावर बसणार, घरच्या शेतजमिनीसारखी. त्यांच्या जोडीला २६ बिशप आणि काही न्यायाधीश. कोणत्याही विधेयकाला दोन्ही सभागृहांची मंजुरी लागे, त्यामुळे लॉर्ड्सने ‘नाही’ म्हटलं की विधेयक संपलं. फक्त एक जुना संकेत होता. करांच्या बाबतीत लॉर्ड्सने हात घालू नये, असे ठराव कॉमन्सने १६७१ आणि १६७८ मध्येच करून ठेवले होते. १८६० मध्ये लॉर्ड्सने कागदावरचा कर रद्द करणारं विधेयक अडवलं, तेव्हा पुढच्या वर्षापासून सगळे कर एकाच अर्थविधेयकात बांधायची पद्धत सुरू झाली. अडवायचं तर सगळंच अडवा, नाहीतर सगळंच सोडा. सगळं अडवण्याची हिंमत कुणी करणार नाही, असं गृहीत होतं.

इतर विधेयकांवर मात्र हा अधिकार जोरात चाले. आपण सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात ज्या १८९३ सालाशी जोडतो, त्याच वर्षी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडला स्वराज्य देणारं विधेयक कॉमन्समध्ये ३०१ विरुद्ध २६७ मतांनी मंजूर करून घेतलं. आपले दादाभाई नौरोजी १८९२ च्या निवडणुकीत जिंकून त्या सभागृहात गेले होते. आठवड्याभरात लॉर्ड्सने ते विधेयक ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेकून दिलं. कित्येक महिन्यांची चर्चा एका रात्रीत पाण्यात गेली.

१९०६ मध्ये उदारमतवादी पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला. ६७० पैकी सुमारे ४०० जागा त्यांच्या. हुजूर पक्ष, ज्याला तेव्हा युनियनिस्ट म्हणत, दीडशेच्या आसपास येऊन थांबला. पण लॉर्ड्समध्ये युनियनिस्टांचं बहुमत पिढीजात होतं. लोकांनी खालच्या सभागृहात हरवलेला पक्ष वरच्या सभागृहात बसून राज्य चालवू लागला. त्याच वर्षी शिक्षण विधेयक गेलं, एकाच माणसाने अनेक ठिकाणी मत देण्याची पद्धत बंद करणारं विधेयक गेलं. १९०८ मध्ये दारूच्या परवान्यांचं विधेयक गेलं. कामगार संघटनांना संरक्षण देणारं विधेयक मात्र त्यांनी हुशारीने जाऊ दिलं, कारण कामगारांची मतं दोन्ही पक्षांना हवी होती. लॉइड जॉर्ज यांनी टोला मारला की लॉर्ड्स हा राज्यघटनेचा राखणदार कुत्रा नसून बाल्फोर साहेबांचं पाळलेलं पूडल आहे. बाल्फोर हे युनियनिस्टांचे नेते.

हेच लॉइड जॉर्ज अर्थमंत्री झाले आणि २९ एप्रिल १९०९ रोजी त्यांनी ‘लोकांचं अंदाजपत्रक’ म्हणून गाजलेलं अंदाजपत्रक मांडलं. सरकारला दोन गोष्टींसाठी पैसा हवा होता. जर्मनीशी स्पर्धेत मोठ्या युद्धनौका बांधायच्या होत्या, आणि सत्तरी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्यांना १ जानेवारी १९०९ पासून आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाली होती. म्हणून ५,००० पौंडांवर उत्पन्न असलेल्यांना जादा कर लावला, वारसा कर वाढवला. सगळ्यात झोंबली ती जमिनीवरची कलमं. मालकाने काहीही न करता, शेजारी गाव वाढलं म्हणून जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीच्या २० टक्के सरकारला द्यायचे आणि त्यासाठी देशभरच्या जमिनींचं मूल्यांकन करायचं. देशातले मोठे जमीनदार कोण? तेच उमराव. इथे कुणाला आमच्या दुप्पट वर्गणीची आठवण झाली तर ती मला आधी झाली आहे, हे कबूल करतो.

उमरावांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती अगदी पोकळ नव्हती. त्यांचे नेते लॉर्ड लॅन्सडाउन, १८८८ ते १८९४ या काळातले हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. त्यांचं म्हणणं असं की हे नुसतं अंदाजपत्रक नाही, करांच्या आडून आणलेली सामाजिक क्रांती आहे. निवडणुकीत हे लोकांसमोर ठेवलं नव्हतं. आम्ही कायमचं नाकारत नाही, आधी देशाला विचारा एवढंच म्हणतो. आम्ही सहा जणांनी आमच्या पत्रात जवळजवळ हेच लिहिलं होतं. वाचताना मला कानकोंडं झालं, कारण त्यानंतरची ओळ इतिहासाने लिहून ठेवली आहे. लोकांना विचारा असं सांगणाऱ्यांना स्वतःला लोकांनी कधीच विचारलेलं नव्हतं.

३० नोव्हेंबर १९०९ रोजी लॉर्ड्सने अंदाजपत्रक ३५० विरुद्ध ७५ मतांनी अडवलं. दोनशे वर्षांहून अधिक काळात असं घडलं नव्हतं. दोनच दिवसांनी कॉमन्सने ठराव केला की हा राज्यघटनेचा भंग आहे, आणि पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी निवडणूक जाहीर केली.

जानेवारी १९१० च्या त्या निवडणुकीत दोन्ही मोठे पक्ष जवळजवळ बरोबरीत आले. फरक दोन जागांचा. आता सरकार टिकवणं आयरिश राष्ट्रवाद्यांच्या हातात गेलं. ते ऐंशीच्या वर होते आणि १८९३ विसरले नव्हते. त्यांची अट सरळ होती. अंदाजपत्रकाला पाठिंबा देऊ, पण लॉर्ड्सचा नकाराधिकार काढा, म्हणजे आमच्या स्वराज्याची वाट मोकळी होईल. अशा रीतीने करांचं भांडण अधिकारांचं भांडण झालं. एप्रिल १९१० च्या अखेरीस अंदाजपत्रक लॉर्ड्सने मतदानही न घेता मंजूर केलं. पण तोवर उशीर झाला होता. ज्यांच्या अधिकाराकडे शेकडो वर्षं कुणी डोळे वर करून बघितलं नव्हतं, त्यांचे अधिकार काढण्याचं विधेयक तयार झालं होतं.

अडचण अशी की तेही विधेयक लॉर्ड्समधूनच मंजूर व्हायला हवं. स्वतःच्या पायावर स्वतः धोंडा कोण पाडून घेणार? उपाय एकच होता. राजाने पंतप्रधानांच्या सल्ल्याने शेकडो नवे उमराव नेमायचे आणि बहुमतच फिरवायचं. १८३२ मध्ये नुसत्या या धमकीवर मताधिकाराचा कायदा झाला होता. राजे सातवे एडवर्ड यांनी सांगितलं, त्याआधी आणखी एक निवडणूक घ्या. ६ मे १९१० रोजी ते वारले. नवे राजे पाचवे जॉर्ज अननुभवी. त्यांना सांभाळून घ्यावं म्हणून दोन्ही पक्षांचे चार-चार नेते जूनपासून नोव्हेंबरपर्यंत बंद दाराआड बसले. एकवीस बैठका झाल्या, तडजोड झाली नाही. १६ नोव्हेंबरला राजाने नाइलाजाने आणि गुप्तपणे वचन दिलं की निवडणूक जिंकलात तर नवे उमराव नेमीन. डिसेंबरमध्ये वर्षातली दुसरी निवडणूक झाली. निकाल जवळजवळ तोच.

१९११ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये कधी नव्हे ते उकडत होतं. ऑगस्टमध्ये पारा १०० अंश फॅरनहाइटच्या आसपास गेला, म्हणजे आपल्या इथला साधा एप्रिल, पण त्यांच्या काळ्या कोटांना तो फार झाला. २४ जुलैला कॉमन्समध्ये विरोधकांनी ॲस्क्विथ यांना अर्धा तास बोलूच दिलं नाही. लॉर्ड्समध्ये युनियनिस्ट उमरावांचे दोन तट पडले. एक म्हणे, शेवटच्या खंदकात उभे राहून लढू. यांचे पुढारी सत्त्याऐंशी वर्षांचे लॉर्ड हॉल्सबरी. दुसरा म्हणे, आता मागे सरकणं शहाणपणाचं आहे. या दुसऱ्या तटात होते लॉर्ड कर्झन. बंगालची फाळणी करणारे, माघार हा शब्द माहीत नसलेले आपले जुने व्हाइसरॉय! आधी तेही लढण्याच्याच भाषेत बोलत होते. पण शेकडो नवे उमराव आले तर आपल्या सभागृहाचं हसं होईल, हे त्यांनी ओळखलं आणि सहकाऱ्यांना तटस्थ राहण्याची गळ घातली. ॲस्क्विथ यांच्याकडे सुमारे अडीचशे नावांची यादी होती. त्यात कादंबरीकार थॉमस हार्डी आणि तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल हेही होते.

१० ऑगस्ट १९११ च्या रात्री सरकारच्या वतीने उभे राहिले लॉर्ड मोर्ली. विधेयक हरलं तर ते पुन्हा हरणार नाही एवढे उमराव नेमायला राजांची संमती आहे, असं निवेदन त्यांनी वाचलं. पुन्हा वाचण्याची विनंती झाली, तेव्हा त्यांनी पुन्हा वाचलं. मग मतदान झालं. विधेयकाच्या बाजूने १३१, विरुद्ध ११४. सरकारच्या स्वतःच्या उमरावांनी हे झालं नसतं. ३७ युनियनिस्ट आणि १३ बिशपांनी बाजूने मत दिलं, इतर बरेच गप्प राहिले. त्याच दिवशी कॉमन्सने आपल्या सभासदांना वर्षाला ४०० पौंड मानधन देण्याचा ठरावही केला, म्हणजे गरिबालाही तिथे बसता यावं.

मोर्ली हे नाव मराठी माणसाला परकं नाही. हेच हिंदुस्थानमंत्री असताना लोकमान्य मंडालेला गेले. याच मोर्लींनी १९०८ च्या डिसेंबरमध्ये लॉर्ड्समध्ये स्पष्ट सांगितलं होतं की या सुधारणांतून हिंदुस्थानात संसदीय राज्यपद्धती येणार असेल, तर आपला त्यांच्याशी काही संबंध नाही. आपले गोपाळराव गोखले १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर अशी भाषणं करत की सरकारी बाकांवरचे लोकही ती कान देऊन ऐकत. पण त्यावर मत द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. लोकांच्या प्रतिनिधीने पैशाचा हिशेब विचारावा हे तत्त्व मोर्लींना लंडनमध्ये पटत होतं, कलकत्त्यात नाही.

नव्या कायद्याने तीन गोष्टी केल्या. पैशाचं विधेयक लॉर्ड्सने महिन्याभरात मंजूर केलं नाही तर ते त्यांच्याशिवाय कायदा होणार, आणि ते पैशाचं आहे की नाही हे कॉमन्सचे सभापती ठरवणार. इतर विधेयकं लॉर्ड्सला सुमारे दोन वर्षं लांबवता येतील, पण कॉमन्सने लागोपाठ तीन अधिवेशनांत मंजूर केली तर ती कायदा होणार. आणि पार्लमेंटची मुदत सातावरून पाच वर्षांवर आली, म्हणजे निवडून आलेल्यांनीही लवकर लोकांकडे परत जायचं. थोडक्यात ‘नाही’ म्हणण्याचा हक्क गेला, ‘थांबा’ म्हणण्याचा राहिला.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. पण पुढचं पान वाचल्यावर बरं वाटणं थांबलं. आयर्लंडच्या स्वराज्याचं विधेयक १९१२ मध्ये पुन्हा आलं. लॉर्ड्सने १९१३ मध्ये ते दोनदा फेटाळलं. थांबवण्याचा हक्क पुरेपूर वापरला. त्या दोन वर्षांत अल्स्टरमध्ये विरोधकांनी स्वयंसेवकांची फौज उभारली, एप्रिल १९१४ मध्ये जर्मनीतून बंदुका उतरवल्या. दुसऱ्या बाजूनेही तेच केलं. सप्टेंबर १९१४ मध्ये कायदा झाला तेव्हा महायुद्ध सुरू होतं, म्हणून तो त्याच दिवशी स्थगित केला गेला. अंमल कधी झालाच नाही. १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनमध्ये गोळ्या चालल्या आणि सनदशीर मार्ग मागे पडला. सगळा दोष त्या दोन वर्षांचा होता असं मी म्हणणार नाही. पण ‘जरा थांबा’ हे शब्द वाटतात तेवढे निरुपद्रवी नसतात. थांबलेल्या वेळात माणसं स्वस्थ बसत नाहीत.

आणखी एक गंमत. ज्या जमीन करांसाठी एवढं रामायण झालं, ते १९२० मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान असतानाच रद्द झाले. उमरावांनी १९०९ मध्ये ते मुकाट्याने जाऊ दिले असते, तर कर गेलेच असते आणि अधिकार राहिला असता. पुढे १९४९ मध्ये, पोलाद उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा वाद चालू असताना, दोन वर्षांची मुदत एक वर्षावर आली. १९९९ मध्ये ९२ सोडून बाकी वंशपरंपरागत उमरावांची जागा गेली आणि उरलेल्यांसाठीचं विधेयक २०२४ मध्ये मांडलं गेलं.

आपल्या राज्यघटनेत या भांडणाचं सार उतरलं आहे. राज्यसभा अप्रत्यक्ष का होईना निवडून येते, तरी पैशाच्या विधेयकावर तिला फक्त १४ दिवस मिळतात. इतर विधेयकांवर दोन सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठकीची सोय आहे; १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये ती वापरली गेली. महाराष्ट्रात ७८ सभासदांची विधान परिषद आहे. तिलाही साधं विधेयक आधी तीन महिने आणि मग एक महिना, एवढंच लांबवता येतं. आपण राहतो त्या मध्य प्रदेशासाठी १९५६ मध्ये विधान परिषदेची तरतूद झाली, पण ती कधी स्थापनच झाली नाही. म्हणजे ज्येष्ठांच्या सभागृहाशिवायही राज्य चालतं, हे आम्ही ज्येष्ठांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मग ज्येष्ठांचा उपयोग काय? आहे, असं मला अजून वाटतं. आपल्या हॉलची जागा नावावर करून घेताना, एका वर्षी सगळी शिल्लक ऑर्केस्ट्रावर उधळायचा बेत झाला तेव्हा, सल्लागारांनी ‘थांबा’ म्हटलं म्हणून मंडळ वाचलं. पण तेव्हा आम्ही कारणं सांगितली होती आणि लोकांनी ती ऐकली होती. गेल्या वर्षी आम्ही कारणं सांगितली नाहीत, सही केली. आणि खरं सांगायचं तर वर्गणी आमचीच वाढत होती. तुटेपर्यंत ताणू नये, ही म्हण आपण मुलांना सांगतो. ती आम्हालाही लागू आहे.

विसर्जनानंतरच्या सभेत घटनादुरुस्तीचा एक ठराव येणार आहे. सल्लागार मंडळाने अंदाजपत्रक एकदाच, १५ दिवसांत, लेखी कारणांसह परत पाठवावं. त्यानंतर सभेचा निर्णय अंतिम. मसुदा माझा आहे. आमच्या सहांपैकी दोघांना तो पटला आहे, तिघांना नाही. ते तिघे माझे जुने मित्र आहेत आणि त्यांच्याकडेही मुद्दे आहेत. सभेत ते मांडतील. माझं मत मी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी पाय मागे घेता येणार नाही.

त्या चिटणीस मुलीला मात्र उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. बाळ, आम्हाला कुणीच निवडून दिलं नाही. म्हणूनच सभेला ये, आणि आमच्याविरुद्ध हात वर करायचा असेल तर बिनधास्त कर. यंदाची वर्गणी मी दुप्पट भरली आहे. पावती तूच फाडलीस.

गणपती बाप्पा मोरया!